आहेत की होते

१

"तुला जमणार नाही" एवढं कोणी म्हणायचा अवकाश, भिंगरीच्या अंगात यायचं. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. एका जागी बूड टेकत नाही म्हणून आजोबा तिला भिंगरी म्हणायला लागले आणि ते चिकटलं ते चिकटलंच. खालच्या मजल्यावरच्या ढब्बूला तिचं हे अंगात येणं पक्कं ठाऊक. तोही तिच्याच वर्गातला, तिच्याइतकाच रिकामटेकडा, त्यात सुट्टी लागलेली. भरदुपारी दोघं जिन्यात बसले होते.

"तुझे सगळे बार फुसके," ढब्बू म्हणाला. "परवा काय लिहिलंस त्या ज्ञानकोशात? हेडसरांच्या गावातली माणसं उलटी चालतात. माझं सरबत संपायच्या आत पुसलं त्यांनी."

हा ज्ञानकोश म्हणजे इंटरनेटवरचा, कोणीही उघडावा आणि कोणीही त्यात लिहावं असा. पण तिथे फुकटात राबणारी काही माणसं डोळ्यात तेल घालून बसलेली असतात. खोडी केली की लगेच पुसतात.

"मोठं लिहिलं की पकडतात," भिंगरी म्हणाली. "छोटं लिहायला पाहिजे."

"मग लिही की! एकच शब्द. रविवारपर्यंत टिकव. टिकला तर सुट्टीभर माझी सायकल तुझी."

"कुठल्या पानावर?"

ढब्बूने सगळे दात काढले. "तुझ्या आजोबांच्या."

भिंगरीचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, एकेकाळी रेडिओवर बातम्या सांगायचे. आवाज असा की ऐकणाऱ्याने हातातलं काम थांबवावं. म्हणून कोणा जुन्या चाहत्याने त्यांचं पान केलं होतं. चार ओळी, मायक्रोफोनसमोरचा एक फोटो. पहिलंच वाक्य: "हे रेडिओवरचे नामवंत निवेदक आहेत."

भिंगरी थोडी थबकली. नाही असं नाही.

"घाबरली! घाबरली!" ढब्बू टाळ्या पिटायला लागला.

तिने मोबाइल हिसकावला, "आहेत" पुसलं, तिथे "होते" लिहिलं आणि "जतन करा" दाबलं. नाव नाही, खातं नाही, काही नाही.

"मारलं की नाही जिवंत माणसाला?" ती म्हणाली, आणि दोघं पोट धरून हसले.

२

दुसऱ्या दिवशी बघतात तर काय, त्या एका शब्दावरून जुंपलेली.

"पहारेकरी" नावाच्या एकाने शब्द उलटवला होता, म्हणजे पुन्हा "आहेत" केला होता. "बाराखडी" नावाच्या दुसऱ्याने तो परत आणला होता. पुन्हा याने उलटवला, पुन्हा त्याने आणला. शेवटी प्रचालकबाई मध्ये पडल्या. प्रचालक म्हणजे तिथला मॉनिटर, किल्ल्या त्यांच्याकडे. त्यांनी पानाला कुलूप घातलं आणि सांगितलं, आधी चर्चा पानावर भांडण मिटवा. आणि कुलूप लागलं तेव्हा पानावर नेमकं "होते" होतं. ते तसंच राहिलं.

ढब्बूने चर्चा नाकातून आवाज काढत वाचून दाखवली.

"पहारेकरी: हा उघड खोडसाळपणा आहे. गृहस्थ हयात आहेत.

बाराखडी: सद्भाव गृहीत धरा. गृहस्थ हयात असतील, पण निवेदक आहेत का? निवृत्त झाले. म्हणजे निवेदक होते. ज्याने कोणी हा बदल केला त्याला व्याकरण कळतं.

पहारेकरी: वाचणारा समजेल गेले म्हणून.

बाराखडी: वाचणाऱ्याच्या समजुतीला मी जबाबदार नाही."

"व्याकरण कळतं म्हणे!" भिंगरी जिन्याच्या कठड्यावर लोळायची बाकी राहिली. "आमच्या बाईंना दाखवायला पाहिजे हे."

घरी येऊन तिने मुद्दाम विचारलं, "आजोबा, तुम्ही निवेदक आहात की होतात?"

आजोबा आरामखुर्चीत पेपर घेऊन बसले होते. त्यांची खोली पॅसेजच्या टोकाला. तिची भिंत शेजारच्या घराला लागून, आणि ते घर कायमचं बंद. आजोबा पेपर मनात वाचायचे नाहीत. गळा साफ करायचे, "प्रमुख बातम्या" म्हणायचे आणि अख्ख्या घराला ऐकवायचे. गोष्ट सांगताना असं वाचायचे-ऐकवायचे म्हणावंच लागतं, गैरसमज नको.

"होतो गं," आजोबा म्हणाले. "आता बिनपगारी बडबड्या आहे."

३

त्या संध्याकाळी आई चहा गाळत होती.

"बाबांना साखर कमी लागायची," ती म्हणाली, स्वतःशीच बोलल्यासारखी.

"लागायची?" भिंगरी म्हणाली. "लागते!"

"तेच म्हटलं मी."

"नाही म्हटलंस. लागायची म्हणालीस."

"कान तपास एकदा. आणि हा कप आत नेऊन दे, निवतोय."

भिंगरीने कप नेला. आजोबांनी एक घोट घेतला, मिशी पुसली, सगळं नेहमीसारखं. एवढंच की ती खोलीत शिरताना दिवा बंद होता. आजोबा अंधार पडायच्या आधीच दिवा लावून घेतात, आणि आज काळोखात बसले होते, कोणी लावायचीच वाट बघत असल्यासारखे.

पॅसेजमधून परत येताना तिने स्वतःला समजावलं. सगळेच म्हाताऱ्यांबद्दल असं बोलतात. आपल्या मनात चोर आहे म्हणून आपल्याला ऐकू येतंय.

४

चर्चा पानावर मांडवली व्हायला आली होती. पहारेकऱ्याने नमतं घेतलं होतं: "'निवृत्त निवेदक आहेत' असं लिहू. दोघांचंही राहील." बाराखडीनेही लिहिलं होतं, "हरकत नाही."

भिंगरी हळहळली. झालं, गेली सायकल.

खाली आणखी एक नाव आलं होतं. लाल अक्षरात. तिथे ज्याने स्वतःबद्दल काहीच लिहिलेलं नसतं, त्याचं नाव लाल दिसतं. नाव होतं "शेजारी".

"निवृत्त झाले, याला जुन्या वर्तमानपत्राचा संदर्भ आहे. आहेत, याला कुठला आहे?"

तेवढंच. आणि गंमत म्हणजे कोणालाच उत्तर देता येईना. पहारेकऱ्याने शोध शोध शोधलं. आजोबांबद्दल कुठे काही छापून येऊन जमाना झाला होता. बाराखडीने लिहिलं, "मुद्दा नियमाला धरून आहे. ज्याला संदर्भ नाही ते पानावर ठेवता येत नाही." प्रचालकबाईंनी लिहिलं, "रविवारपर्यंत कोणी संदर्भ दिला नाही, तर 'होते' यावर सहमती झाली असं समजून पान कायम करते."

"शेजारी तूच ना?" भिंगरीने ढब्बूला धरलं.

"मी कशाला? मला सायकल द्यायची हौस आहे का?"

तेही खरंच होतं.

त्याने पान खाली सरकवलं आणि त्याचा चेहरा बदलला. शेजारीची दुसरी ओळ आली होती.

"मी भिंतीपलीकडेच आहे. दिवा हल्ली दुसरं कोणीतरी लावतं."

५

आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला भिंगरी कोपऱ्यावरच्या औषधवाल्या काकांकडे गेली. त्या गृहस्थाला अख्ख्या वस्तीची दुखणी तोंडपाठ.

"काका, आजोबांच्या गोळ्या."

काकांचा हात खणापर्यंत गेला आणि थांबला. "कशाला गं आता?"

"आता म्हणजे? संपल्यात."

"उरलेल्या परत आण, पैसे देतो मी." त्यांनी आवाज खाली आणला. "फार सज्जन माणूस होता. मी त्यांच्या बातम्या ऐकत लहानाचा मोठा झालो."

भिंगरीने काउंटरवर हात आपटला. "काका, ते घरी बसलेत! पेपर वाचताहेत! सकाळी माझ्यावर ओरडले, दार आपटलं म्हणून!"

"हो हो. बरोबर आहे," काका म्हणाले. लहान पोर पडल्यावर "काही नाही झालं" म्हणतात ना, तसे. त्यांनी काउंटरवरच्या बरणीतून एक गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. लिमलेटची.

"बाळ, आईला सांभाळ."

ती तिथून घरापर्यंत पळतच आली. धापा टाकत आजोबांच्या खोलीत घुसली. आजोबा होते. खुर्ची होती, पेपर होता, पायावर चादर होती.

"आजोबा!"

"अगं, हळू. मला मोठा आवाज सोसायचा नाही," आजोबा म्हणाले.

६

त्याच दुपारी तिने ज्ञानकोशात खातं उघडलं आणि चर्चा पानावर लिहिलं: "मी त्यांची नात. आजोबा जिवंत आहेत. आत बसलेत. तुम्ही सगळे येडे आहात का?"

पहारेकऱ्याने लिहिलं, "बघा! मी म्हणत होतो." पण बाराखडी कसला ऐकतोय.

"बाळ, राग मानू नकोस. घरच्या माणसाचा शब्द इथे संदर्भ म्हणून चालत नाही. उद्या प्रत्येक जण आपल्या आजोबांबद्दल काहीही लिहील. हा नियम सगळ्यांसाठी आहे."

"मग त्यांनी स्वतः लिहिलं तर?"

"स्वतःबद्दल स्वतः तर मुळीच चालत नाही."

भिंगरीने मोबाइल पलंगावर फेकला. माणूस स्वतः सांगतोय मी जिवंत आहे, आणि हे म्हणतात तुमचं सोडून दुसऱ्या कोणाचं आणा!

आतून आजोबांचा घसा साफ केल्याचा आवाज आला. "प्रमुख बातम्या."

तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यात पाणी आलं. ती पॅसेजमधून त्या आवाजाच्या दिशेने गेली. तोच आवाज, तोच ठेका, वाक्याच्या शेवटी तोच सावकाश खाली उतरणारा सूर. दारात उभी राहून ती बघत होती. आजोबा पेपर धरून बसले होते, ओठ हलत होते.

आवाज खुर्चीतून येत नव्हता.

तिने मान तिरकी केली. एक कान बंद केला, मग दुसरा. आवाज भिंतीतून येत होता. भिंतीच्या पलीकडून. आजोबांचे ओठ थोडे मागे पडत होते, पलीकडचा जे म्हणतोय ते म्हणायचा प्रयत्न केल्यासारखे.

"आजोबा," ती म्हणाली, "इकडे बोला ना."

आजोबांनी पेपर खाली केला. कोणीतरी लांबून हाक मारावी आणि कुठून ते कळू नये, तसं त्यांनी खोलीभर पाहिलं. तिच्यावरून नजर दोनदा गेली. थांबली नाही.

७

"शेजारी कोणी राहायला आलंय का?" तिने आईला विचारलं.

"कोण येणार? मालक परदेशात. किल्लीसुद्धा त्यांच्याकडेच." आई आजोबांचे सदरे घड्या करून पिशवीत भरत होती.

"हे कुठे नेतेस?"

"देऊन टाकते कोणाला तरी. पडून काय करायचे?" मग आई स्वतःच हातातल्या सदऱ्याकडे बघत राहिली. "हे मी का काढलं गं?"

भिंगरी बाहेर जिन्यात गेली. शेजारच्या दाराला पत्रं टाकायची फट होती, तिच्यावर पत्र्याचं झाकण. बाहेर लख्ख ऊन होतं, खाली ढब्बू सायकलला तेल घालत शीळ वाजवत होता. भुताखेताची ही वेळच नव्हे. तिने गुडघे टेकले आणि झाकण उचललं.

थंड हवा तोंडावर आली. बंद कपाटासारखा वास. आत पॅसेज होता, त्यांच्या घरासारखाच, फक्त आरशात पाहिल्यासारखा उलटा. टोकाला खोली. तिथे दिवा चालू होता. खुर्चीची पाठ तिला दिसत होती, आणि खुर्चीच्या हातावर टेकलेलं कोपर. तपकिरी स्वेटर, कोपरावर आईने रफू केलेलं.

असे स्वेटर कितीतरी असतात, ती मनात म्हणाली. असतात की.

कोपर हललं. पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.

आणि खुर्चीच्या बाजूला कोणीतरी उभं होतं. पाहुणे न्यायला आलेला माणूस घाई न करता उभा असतो, तसं. त्याचं तोंड खुर्चीकडे होतं. मग ते वळायला लागलं, दाराच्या फटीकडे.

भिंगरीच्या हातातून झाकण सुटलं. पूर्ण वळलेलं तिने पाहिलं नाही. पण झाकण पडता पडता आतून आजोबांचा आवाज आला, नेहमीच्या प्रेमाने: "कोण आहे गं? भिंगरी होती वाटतं."

८

आता एकच रस्ता होता, आणि तो तिला आधीच माहीत होता. प्रचालकबाईंनीच मध्ये कुठेतरी लिहिलं होतं, "मूळ बदल खोडसाळ ठरला, तर त्यावरची पुढची सगळी चर्चा रद्द होते आणि पान आधीसारखं करता येतं." पण ते ठरायचं कसं? करणाऱ्याने पुढे येऊन सांगायचं. आणि शाळेने सुट्टीआधीच्या एका खोडीनंतर दम दिला होता: आणखी एक तक्रार आली की नाव काढून टाकू. आईने त्या दिवशी हेडसरांसमोर हात जोडले होते. म्हणून भिंगरी तोंड मिटून बसली होती.

ढब्बूला तिने सगळं सांगितलं. तो हसला नाही.

"सायकल ने," तो म्हणाला. "मला नको. ते मिटव आधी."

"शाळेला कळलं तर?"

"कळू दे ना! आपण दोघं सांगू. मीच लावली होती पैज." मग तो गोंधळला. "तुझे आजोबा... म्हणजे ते कधी..."

"पुढचा शब्द बोललास तर दात पाडीन," भिंगरी म्हणाली आणि वर पळाली.

रविवार होता. आजोबांच्या खोलीचं दार आईने ओढून घेतलं होतं, वापरात नसलेल्या खोलीचं घेतात तसं. भिंगरीने ते उघडलं. आजोबा खुर्चीत होते, पण खुर्चीचं कापड त्यांच्यामागून जरा जास्तच दिसत होतं. डोळे चोळून पाहिलं तरी दिसत होतं. ती त्यांच्या पायाशी बसली, चादरीचं टोक मुठीत धरलं आणि दुसऱ्या हाताने लिहिलं:

"आजोबांच्या पानावरचा बदल खोडसाळ आहे. पैजेवर केलाय. मी केलाय."

उत्तर लगेच आलं. सगळे तिथेच बसलेले असावेत.

"प्रचालक: तो बदल खात्याशिवाय झालाय. करणारी व्यक्ती तुम्हीच का, हे एका पूर्ण वाक्यात स्पष्ट लिहा, म्हणजे मी पान लगेच आधीसारखं करते.

पहारेकरी: शाबास पोरी. लिही.

शेजारी: हो. लिहू दे तिला."

भिंगरीने लिहिलं: "ते करणारी मी आहे."

"शेजारी: आहे, याला संदर्भ?"

भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. भिंगरीच्या मुठीतली चादर हलकी झाली. तिने ती आणखी घट्ट धरली.

"शेजारी: 'होते' हा शब्द आता आलेला आहे. तो परत रिकामा जात नाही. कोणाला तरी लागू झाला की झालं.

पहारेकरी: हे काय लिहिताय तुम्ही? आणि तुम्ही आहात तरी कोण?

बाराखडी: विषय भरकटवू नका. बाळ, तुझ्या वाक्यात एवढीच चूक आहे. घडून गेलेल्या गोष्टीला भूतकाळ लागतो. 'ते करणारी मी होते' असं लिही. आजोबांसाठी ते होते, मुलीसाठी मी होते. रूप एकच. तू फक्त दुरुस्त कर, मी पाठिंबा देतो."

भिंगरीने ते दोनदा वाचलं. मग तो शब्द आता कोणाला लागू होणार, ते तिला नीट कळलं.

स्वयंपाकघरात आई भांडी लावत होती. मोबाइल खाली ठेवावा, आईकडे जावं, तिच्या पाठीला मागून मिठी मारावी, असं भिंगरीला फार वाटलं. पण चादर सोडली असती तर?

"आजोबा," ती हळूच म्हणाली.

आजोबांचे ओठ हलले. आवाज पलीकडून आला, खूप लांबून, रेडिओचं स्टेशन सुटत चालल्यासारखा. काय म्हणाले ते तिला कळलं नाही.

तिने "आहे" पुसलं. एकेक अक्षर बघून लिहिलं. बाराखडीने सांगितलेल्या वाक्यात तिने एक "च" आपल्या मनाने घातला, म्हणजे नंतर कोणी शंका काढायला नको. आणि "जतन करा" दाबलं.

"ते करणारी मीच होते."